‘कॉल मी अ टॅक्सी!’ : इंग्रजीतल्या इवल्या शब्दांच्या गमतीजमती

इंग्रजीतला एक जुना विनोद आहे. हॉटेलच्या दारात उभा असलेला पाहुणा दरवानाला सांगतो, ‘कॉल मी अ टॅक्सी.’ दरवान अदबीने म्हणतो, ‘येस सर, यू आर अ टॅक्सी.’

हा विनोद मराठीत आणून बघा, जमत नाही. ‘माझ्यासाठी टॅक्सी बोलाव’ आणि ‘मला टॅक्सी म्हण’ ही आपल्याकडे दोन निराळी वाक्यं. क्रियापद वेगळं, प्रत्यय वेगळे, दरवानाला चुकायला वावच नाही. इंग्रजीत मात्र ‘मी’ आणि ‘अ टॅक्सी’ नुसते शेजारीशेजारी उभे राहतात. त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. (इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात असू द्या.)

याच जातीचं एक त्रिकूट तर फारच गोड आहे. ‘शी मेड हिम अ सँडविच.’ ‘शी मेड हिम अ लीडर.’ ‘शी मेड हिम अ गुड वाइफ.’ पहिल्यात तिने त्याच्यासाठी सँडविच केलं. दुसऱ्यात तिने त्यालाच पुढारी केलं. तिसऱ्यात तिने काही केलंच नाही, ती त्याला चांगली बायको लाभली. कर्ता तोच, क्रियापद तेच, ‘हिम’ तसाच, ‘अ’ तसाच. बदललं ते फक्त ‘अ’च्या पुढचं, आणि अख्ख्या वाक्याने कूस बदलली.

आता याच घाटाच्या वाक्यातला ‘अ’ काढून बघा. ‘दे मेड हिम कॅप्टन’ म्हणजे संघाचं कप्तानपद त्याला दिलं. पद एकच, म्हणून ‘अ’ या उपपदाची गरज नाही. ‘दे मेड हिम अ कॅप्टन’ म्हटलं तर डोळ्यांसमोर लष्कर येतं, जिथे कॅप्टन पुष्कळ असतात आणि त्यांत याची भर पडली. एका ‘अ’मध्ये क्रिकेटचं मैदान आणि फौजेची छावणी यांच्यातलं अंतर सामावलेलं आहे.

उपपदं म्हटली की आपल्याकडच्या पोरांच्या पोटात गोळा येतो. ‘अ’ घालायचा की ‘द’, की काहीच नाही? मराठीत उपपदच नाही, मग मराठी माणसाला ते जमणार कसं, असं आपण धरून चालतो. मला हे मुळीच पटत नाही. उपपदं जे काम करतात ते काम मराठी माणूस दिवसभर करत असतो, फक्त ते तो वेगळ्या वाटेने करतो. आणि त्या कामात ‘मी, हिम, हर, इट, देम’ ही कर्माच्या जागी येणारी सर्वनामं उपपदांची सख्खी भावंडं आहेत.

आधी अनोळखी, मग ओळखीचं

‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज हंग्री. आय फेड इट.’ तीन छोटी वाक्यं, कुत्रं एकच. पहिल्यांदा ते ‘अ डॉग’ म्हणून येतं, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाही. दुसऱ्यांदा ‘द डॉग’, कारण आता ओळख झाली. तिसऱ्यांदा नावही घ्यावं लागत नाही, ‘इट’ पुरतं.

आयरीन हाइम या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली आपल्या प्रबंधात याचं फार सुरेख चित्र उभं केलं. संवाद ऐकताना आपल्या डोक्यात जणू कार्डांची एक पेटी असते. ‘अ’ ऐकला की नवं कोरं कार्ड काढायचं. ‘द’ किंवा ‘इट’ ऐकलं की जुनं कार्ड शोधून त्यावर पुढची ओळ लिहायची. या हिशेबात ‘द’ आणि ‘इट’ एकाच बाकावर बसतात आणि ‘अ’ समोरच्या बाकावर.

मराठी गोष्ट ऐकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं येतं. ‘एका गावात एक म्हातारी राहायची’ हे नवं कार्ड. ‘त्या म्हातारीला’ म्हटलं की जुनं. पुढे नुसतं ‘तिला’. आजी गोष्ट सांगताना कधी चुकून ‘त्या राजाला’ म्हणून सुरुवात करत नाही. केली तर नातवंडं लगेच विचारतील, ‘कोणत्या राजाला?’ उपपदांचा सगळा नियम त्या एका प्रश्नात आला.

आपला ‘एक’ आणि इंग्रजीतला ‘अ’ यांचा उगमही सारखाच. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक हा अंक. अंकाचं वजन हळूहळू उतरत गेलं आणि त्याचं उपपद झालं. फरक एवढाच की आपण ‘मी शिक्षक आहे’ म्हणतो, तिथे ‘एक’ घालत नाही. इंग्रजी मात्र व्यवसाय सांगताना ‘अ’ सोडत नाही : ‘आय ॲम अ टीचर.’ आपल्याकडे या वाक्यात हमखास गळती होते ती याचमुळे.

मुलगी बघायला की मुलीला बघायला?

उपपदाचं काम मराठीत करणारी सगळ्यात झकास युक्ती ‘ला’मध्ये लपलेली आहे. ‘आम्ही रविवारी नाशिकला मुलगी बघायला गेलो.’ हे ऐकताच समोरचा विचारतो, पसंत पडली का? कोण मुलगी, कुठली, हे त्याला माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. आता म्हणा, ‘आम्ही रविवारी नाशिकला मुलीला बघायला गेलो.’ समोरचा काळजीने विचारतो, का हो, बरी नाही का ती? एका ‘ला’ने स्थळ म्हणून पाहायची कुणीतरी मुलगी आपली स्वतःची लेक झाली.

इंग्रजीत हाच फरक ‘अ गर्ल’ आणि ‘द गर्ल’ किंवा सरळ ‘हर’ असा पडेल. म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ यांच्यातली निवड आपण करत नाही असं नाही. ती आपण कर्माला ‘ला’ लावायचा की नाही, यातून करतो. आणि सर्वनामाला पर्यायच नसतो : माणसाबद्दल बोलताना ‘मी त्याला पाहिलं’ असंच म्हणावं लागतं. सर्वनाम म्हटलं की ओळख झालेलीच असणार, मग ‘ला’ आलाच. इंग्रजीतही अगदी तसंच, ‘ही’चा ‘हिम’ करावाच लागतो. इंग्रजी नामांत प्रथमा-द्वितीयेचा भेद आता उरलेला नाही. तो जपून ठेवला आहे फक्त सर्वनामांनी. कुत्रं कर्ता असो की कर्म, ‘द डॉग’ तो ‘द डॉग’च. पण ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’, ‘दे’ आणि ‘देम’ यांची अदलाबदल चालत नाही.

हलकं पुढे, जड मागे

‘गिव्ह मी द बुक’ बरोबर. ‘गिव्ह द बुक टू मी’ हेही बरोबर. ‘गिव्ह इट टू मी’ बरोबर. पण ‘गिव्ह मी इट’ म्हटलं की बरेच इंग्रजी भाषक नाक मुरडतात. (इंग्लंडच्या उत्तर भागात ‘गिव्ह इट मी’ असंही ऐकू येतं, आणि तिथे ते कुणालाही खटकत नाही.)

दिवा बंद करायचा असला तर ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. ‘द लाइट’च्या जागी ‘इट’ आलं की दोन्ही दारं उघडी राहत नाहीत : ‘टर्न इट ऑफ’ एवढंच बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ साफ चूक. ‘पिक हिम अप’, ‘वेक हर अप’, ‘थ्रो देम अवे’, सगळीकडे सर्वनाम मध्येच. विद्यार्थ्यांना हा नियम पाठ करावा लागतो, पण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. कारण असं की सर्वनाम हलकं असतं आणि ते ओळखीचं असतं. हलकं आणि ओळखीचं ते पुढे, जड आणि नवं ते मागे, ही इंग्रजी वाक्याची जुनी खोड आहे. ओटो बेहागेल या जर्मन भाषापंडिताने १९०९ मध्ये ‘वाढत्या घटकांचा नियम’ मांडला तो हाच : लहान घटक आधी, मोठा नंतर.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. पाणिनीने अष्टाध्यायीत द्वंद्व समासाचा नियम देताना हेच सांगून ठेवलं आहे की ज्या पदात स्वर कमी, ते पद आधी. म्हणून शिव-केशव. मराठीनेही हा कल ठेवला आहे : भाजीभाकरी, ऊनपाऊस.

आणि सर्वनामांचं म्हणाल तर मराठी आणि इंग्रजी इथे चक्क हातात हात घालून चालतात. पुस्तकाचा विषय आधी निघाला नसेल तर आपण म्हणतो, ‘मला पुस्तक दे.’ विषय निघालेला असेल तर, ‘ते मला दे.’ जागा उलटली! ‘गिव्ह मी अ बुक’ आणि ‘गिव्ह इट टू मी’ यांत नेमकं हेच घडतं.

मला पायाला लागलं

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात देखणा भाग हा. ‘ही हिट मी ऑन द हेड.’ डोकं कुणाचं? माझं. मग ‘माय हेड’ का नाही? कारण मालक ‘मी’च्या रूपाने आधीच हजर आहे, आता अवयवाला नुसता ‘द’ पुरे. ‘शी टुक हिम बाय द हँड’, तिने त्याला हाताला धरून नेलं. ‘आय पॅटेड हर ऑन द बॅक’. ‘लुक मी इन दी आय’. प्रत्येक ठिकाणी कर्माचं सर्वनाम माणूस उभा करतं आणि ‘द’ त्याच्या अंगावरची जागा दाखवतो. सर्वनाम आणि उपपद यांनी जोडीने काम करावं, तर ते असं.

आता मराठी ऐका. ‘मला पायाला लागलं.’ ‘तिला हाताला भाजलं.’ ‘त्याला पोटात दुखतंय.’ ‘पोराला कानाला धरून बाहेर काढलं.’ कुठेही ‘माझ्या’, ‘तिच्या’, ‘त्याच्या’ची गरज पडत नाही. आधी माणूस, मग अवयव. मराठी मूल हे आईच्या मांडीवर शिकतं, आणि शाळेत मात्र ‘ऑन द हेड’ला ‘ऑन माय हेड’ असं लिहितं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की हा नियम तुझ्या घरातलाच आहे.

दोन भाषांचं हे साम्य सगळीकडे टिकत नाही. ‘मला पायाला लागलं’ याला इंग्रजीत ‘आय हर्ट माय लेग’च म्हणावं लागतं, तिथे ‘माय’ परत येतो. इंग्रजीने ही रचना मारणं, धरणं, थोपटणं, चुंबन घेणं, पाहणं अशा स्पर्शाच्या किंवा नजरेच्या क्रियांपुरती राखली आहे. आणि ती जिवंत माणसाला किंवा जनावरालाच शोभते. ‘घोड्याने तिला नडगीवर लाथ मारली’ हे इंग्रजीत याच पद्धतीने सहज म्हणता येतं. ‘घोड्याने घराला दारावर लाथ मारली’ म्हटलं तर इंग्रजी कानाला विचित्र लागतं. तुमच्या कानाला कसं लागलं? लाथ दाराला बसली, पण दुखायला घर जिवंत थोडंच आहे!

‘देम’ परका, ‘एम’ घरचा

आता थोडं पूर्वजांकडे. ‘हिम’ हा मुळात प्रत्यक्ष कर्म दाखवणारा शब्द नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘त्याला पाहिलं’ यातल्या ‘त्याला’साठी ‘हिने’ होता आणि ‘त्याला दिलं’ यातल्या ‘त्याला’साठी ‘हिम’. पुढे देण्याघेण्याच्या ‘हिम’ने पाहण्याचाही प्रांत जिंकला. ‘हर’ही चतुर्थीच्या घरातला, ‘हूम’ही. मराठीच्या ‘ला’ची सद्दी अगदी अशीच : त्याला पाहिलं, त्याला दिलं, दोन्हीकडे तोच. म्हणून व्याकरणाच्या तासाला द्वितीया की चतुर्थी असा वाद आपल्याकडे दरवर्षी रंगतो.

‘देम’ तर आयात केलेला. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतून ‘दे, देम, देअर’ हे त्रिकूट इंग्रजीत शिरलं. एखाद्या भाषेने धान्याचं, कपड्याचं नाव उसनं घेतलं तर समजू शकतं. ‘ते’ आणि ‘त्यांना’ उसने घेणं ही फार मोठी गोष्ट आहे. मूळच्या इंग्रजी सर्वनामाचं रूप होतं ‘हेम’. ते मेलं का? नाही. इंग्रजी सिनेमात ‘गेट देम’ऐवजी ‘गेट एम’ ऐकू येतं ना, तो ‘एम’ म्हणजे आळसाने तोडलेला ‘देम’ आहे असं जवळजवळ सगळे समजतात. प्रत्यक्षात तो ‘हेम’चा वंशज आहे, म्हणजे ‘देम’पेक्षा जुना रहिवासी.

‘यू’ची गोष्ट याहून वेगळी. तो पूर्वी फक्त कर्माच्या जागी यायचा. कर्त्याच्या जागी ‘यी’ असायचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलने हा भेद पाळलेला दिसतो. नंतर ‘यू’ कर्त्याच्या खुर्चीवरही जाऊन बसला आणि ‘यी’ला घरी पाठवलं. आपल्या शेजारी हिंदीत ‘मैं’नेही अशीच बढती मिळवली आहे : तो संस्कृत ‘मया’पासून आला, म्हणजे ‘माझ्याकडून’. आणि इंग्रजीतला ‘मी’? संस्कृतातला ‘माम्’ आणि लॅटिनमधला ‘मे’ हे त्याचे चुलतभाऊच.

अंपायर आधी नंपायर होता

शाळेत शिकवतात की स्वरापुढे ‘अ’ला ‘न’ जोडून ‘ॲन’ होतो. इतिहास उलटा आहे. मूळ शब्द ‘न’सकटच होता, व्यंजनापुढे तो ‘न’ झडला. ‘माइन’चा ‘माय’ झाला तोही याच रीतीने.

हा ‘न’ नेमका कुणाचा, उपपदाचा की पुढच्या नामाचा, यात इंग्रज पिढ्यान्‌पिढ्या गोंधळत आले. क्रिकेटचा अंपायर आधी ‘नंपायर’सारखा काहीतरी होता, फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ ‘जोडीतला नव्हे असा’, म्हणजे तिसरा, तटस्थ. ‘अ नंपायर’ ऐकता ऐकता ‘ॲन अंपायर’ झाला. स्वयंपाकघरातला एप्रन हा ‘नेप्रन’ होता, नॅपकिनचा नातेवाईक. ‘ॲडर’ नावाचा साप ‘नॅडर’ होता. उलट दिशेनेही चोरी झाली : न्यूट नावाचा पाणसरड्यासारखा प्राणी आधी ‘ॲन यूट’ होता, आणि ‘निकनेम’ म्हणजे टोपणनाव हे ‘ॲन ईकनेम’ होतं, म्हणजे जादाचं नाव. सर्वनामानेही हात मारून घेतला आहे : ‘माइन एड’ म्हणता म्हणता एडवर्डचं लाडकं नाव ‘नेड’ पडलं.

या यादीत बरेच जण ‘ऑरेंज’ही घालतात. तिथे जरा थांबा. संस्कृत ‘नारंग’, फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’ अशी वाट तुडवत हे फळ पश्चिमेला गेलं हे खरं, आणि त्याचा ‘न’ हरवला हेही खरं. पण तो इटली-फ्रान्सकडेच गळाला. इंग्रजीत शब्द पोचला तोच ‘न’ टाकून. स्पॅनिश लोक अजून ‘नारांखा’ म्हणतात, आपणही ‘नारिंग’ म्हणतो.

‘ॲन’साठी देवनागरीची परीक्षा

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरतं उच्चारावर, स्पेलिंगवर नव्हे, हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी ऐन वेळी गोंधळ होतो. मराठी माणसाकडे यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे : शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट : ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन : ‘अ’. वन-वे स्ट्रीट : ‘अ’. एमएलए, एफआयआर : ‘ॲन’. त्याच हिशेबाने ‘ॲन एसटी बस’, पण ‘अ बेस्ट बस’. रोमन लिपी जिथे डोळ्यांना फसवते तिथे आपली लिपी कान होऊन उभी राहते.

एक जागा सांभाळा. वर्ष आणि कान, दोन्हींना आपण ‘इयर’ लिहितो. वर्षाच्या सुरुवातीला इंग्रज बारीकसा ‘य’ उच्चारतात, म्हणून वर्षाला ‘अ’ आणि कानाला ‘ॲन’.

चंद्रावर हरवलेला ‘अ’

भारतात २१ जुलै १९६९ ची सकाळ होती. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले आणि मानवजातीच्या इतिहासातलं बहुधा सर्वात जास्त ऐकलं गेलेलं वाक्य बोलले. पृथ्वीवर ऐकू आलं ते ‘वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’. पण उपपदाशिवाय ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात. मग वाक्याचा अर्थ असा झाला की मानवजातीचं हे छोटं पाऊल आणि मानवजातीचीच मोठी झेप. काही ताळमेळच लागत नाही. आर्मस्ट्राँग यांचं म्हणणं, मला ‘फॉर अ मॅन’ म्हणायचं होतं, एका माणसाचं पाऊल. तो ‘अ’ त्यांनी उच्चारला आणि प्रक्षेपणात विरला, की तोंडातून सुटलाच नाही, यावर ध्वनिफितींची चिरफाड करून लोक आजवर वाद घालतात. एवढ्याशा ‘अ’वर इतकी मेहनत दुसऱ्या कुठल्या भाषणात घेतली गेली असेल असं मला वाटत नाही.

‘अ’ इतका सहज विरू शकतो, कारण तो मुळातच दबक्या आवाजात बोलायचा शब्द आहे. सर्वनामांचंही तसंच. ‘टेल हिम’ बोलताना ‘टेलिम’ होतो, ‘गिव्ह मी’ची ‘गिमी’ होते. आपण मात्र प्रत्येक शब्दाला सारखा मान देऊन ठणठणीत बोलतो, आणि मग इंग्रजी सिनेमा बघताना निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत असं वाटतं. ते निम्मे शब्द बहुतेक हेच असतात.

गाढवाने अडवलेले तर्कशास्त्री

ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात एक वाक्य चर्चेला घेतलं. त्याचं आज प्रचलित असलेलं रूप असं : ‘एव्हरी फार्मर हू ओन्स अ डाँकी बीट्स इट.’ ज्याच्याकडे गाढव आहे असा प्रत्येक शेतकरी त्याला बडवतो. आता सांगा, ‘अ डाँकी’ म्हणजे किती गाढवं? ‘अ’ म्हणजे एक, हे आपण शिकलो. पण इथे एका विशिष्ट गाढवाची गोष्टच नाही. जितके शेतकरी तितकी गाढवं, कदाचित जास्तच. मग ‘इट’ नेमकं कुणाकडे बोट दाखवतं? तर्कशास्त्राच्या चिन्हांत हे वाक्य नीट उतरवायला गेलं की कुठेतरी अडतंच. ‘अ’ आणि ‘इट’ वेगवेगळे घेतले तर सोपे वाटतात, जोडीने आले की गणित बिघडतं.

या कोड्याला भाषाशास्त्रात खरोखरच ‘गाढवाचं वाक्य’ म्हणतात, आणि अशा ‘इट’ला गाढव-सर्वनाम. हान्स काम्प यांनी १९८१ मध्ये आणि मघाच्या हाइमबाईंनी १९८२ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यावर तोडगा काढला. अर्थविज्ञान म्हणजे शब्दार्थाचं शास्त्र, त्याची एक अख्खी शाखा त्या दोघांच्या कामावर वाढली.

मराठीत आपण म्हणतो, ‘जो शेतकरी गाढव पाळतो, तो त्याला बडवतो.’ जो-तो ही जोडी असल्यामुळे शेतकरी चटकन सापडतो. गाढवाला तर ‘एक’ही लावावा लागत नाही.

मोठमोठ्यांना अडवणारे हे शब्द शिकायला आपल्या देशात भरपूर वापरलं गेलेलं पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरण. त्यातले पी. सी. रेन हे हिंदुस्थानात शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि पुढे त्यांनी फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ नावाची साहसकादंबरी लिहिली, १९२४ साली. तिच्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. उपपदांचे तक्ते आणि वाळवंटातल्या लढाया, एकाच लेखणीतून!

सर्वनाम हेच उपपद?

शेवटची गंमत सगळ्यात धाडसी. पॉल पोस्टल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं की इंग्रजीतली सर्वनामं म्हणजे मुळात उपपदंच आहेत. ऐकायला अचाट वाटतं. पण युरोपात जरा फिरून या. फ्रेंचमध्ये ‘ल’ म्हणजे ‘द’, आणि क्रियापदाजवळ आला की तोच ‘ल’ म्हणजे ‘त्याला’. पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी नामाचं उपपद आणि ‘त्याला’ हे सर्वनाम, दोन्ही एकाच अक्षराचं. जुन्या गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या मंडळींना हे विचारा, ते लगेच सांगतील. दोन्ही भाषांत हा शब्द आला एकाच लॅटिन दर्शकातून, ज्याचा अर्थ ‘तो’.

इंग्रजीतला पुरावा मुलांच्या तोंडून घ्या. ‘गिव्ह द किड्स अ चान्स.’ आता मुलं स्वतःबद्दल बोलू देत : ‘गिव्ह अस किड्स अ चान्स.’ ‘अस’ आला आणि ‘द’ बाहेर पडला, कारण दोघांची जागा एकच. दोघांना एकत्र बसवून ‘गिव्ह अस द किड्स’ म्हटलं की भलतंच होतं : मुलं आमच्या ताब्यात द्या! इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक बोलींत ‘देम बुक्स’ म्हणतात ते याच वळणाचं. पंतोजी कितीही रागावले तरी तिथे ‘देम’ उपपदाच्या जागेवर आरामात बसतो.

मराठीत म्हणा : ‘आम्हा मुलांना एक संधी द्या.’ ‘ना’ लागला तो ‘मुलां’ना, ‘आम्हा’ला नाही. ‘त्या मुलांना’, ‘ह्या मुलांना’, ‘आम्हा मुलांना’, तिघांची बैठक सारखी. आम्हा पुणेकरांना, तुम्हा मुंबईकरांना, हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! एकवचनात इंग्रजी इथे कंजूष होते. ‘यू फूल’ चालतं, पण ‘मी’ला एखाद्या नामाआधी असं बसवून ‘गिव्ह मी टीचर अ चान्स’ म्हणता येत नाही. मराठीत मात्र त्याचीही सोय जुन्या काळापासून आहे : मज पामराला.